दोन बोटांचं पाखरू

रखमाजी देवऋषीच्या पडवीत त्या सोमवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पार पासलीपासूनच्या बाया कडेवर पोरं आणि हातात दुधाचे तांबे घेऊन उजाडायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. समोर पाटावर, तांबड्या फडक्यावर, ते ठेवलं होतं. हातभर लांब, मनगटाएवढं जाड, काळपट पिवळं हाड. एका टोकाला दोन गुळगुळीत गाठी, त्यांवर शेंदूर थापलेला आणि वर चांदीचे डोळे चिकटवलेले.

"गप बसा समदी!" रखमाजी गरजला. "पाखरू जागं झालंय."

पडवी चिडीचूप झाली. रखमाजीनं पहिलं दूध पळीत घेतलं आणि हाडाच्या मधोमध, शेंदूर नव्हता तिथं, थेंबाथेंबानं सोडलं. थेंब पडला, जरा चकाकला आणि गडप झाला. दुसरा पडला, तोही गडप. ओघळ नाही, की खालच्या फडक्यावर डाग नाही. कोरड्या हाडानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळीभर दूध पिऊन टाकलं.

"बगा, कसं घटाघटा पितंय! दोन चोची हैत त्येला. एकीनं दूध पितंय, दुसरीनं रगत. सप्तपाताळातनं वर आलंय ह्ये! रातभर चुलीवर, उबेला ठेवावं लागतंय. गारवा सोसत न्हाई देवाला."

देवाला गारवा सोसत नव्हता, पण चहा सोसत असावा. कारण हाड प्यायचं पळीभर आणि बायका आणायच्या तांबाभर. उरलेलं कुठं जायचं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. त्या उन्हाळ्यात रखमाजीच्या घरी कोरा चहा कुणी प्याला नाही, एवढं मात्र खरं.

पहिलं दूध फुलाबाईचं होतं. दर सोमवारी तिचंच पहिलं असायचं. बाकीच्या बायकांच्या तांब्यांत म्हशीचं दूध होतं, फुलाबाईच्या वाटीत तिचं स्वतःचं होतं. देवऋषीचा तसा हुकूमच होता. मांडीवर तिचा सात महिन्यांचा बाजी निपचित पडला होता. आठवडाभर जुलाब चालू होते. डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती, आणि रडायला तोंड उघडलं तरी आता आवाज फुटत नव्हता. शनिवारपासून त्याला अंगावरचं दूध बंद होतं, फक्त अंगाऱ्याचं पाणी. "आईच्या दुदाची चव पाखराला लागलीया," रखमाजीनं सांगितलं होतं. "तू पाजलंस की पाखराचं प्वाट भरतंय, पोराचं न्हाई. अमुशापत्तर दूध तोड."

अमावास्या शुक्रवारी होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखातली. विंझरच्या अलीकडं कानंदीच्या काठाला तांबडवाडी म्हणून वस्ती आहे, तिथं गावानं नवी विहीर धरली होती. वरची माती संपली, खाली वाळू आणि चुनखडीचे खडे लागले, आणि त्यांत अडकलेलं हे हाड निघालं. सोबत पांढऱ्या, जाड कवचाचे तुकडे. अंड्याच्या कवचासारखे, पण असं जाडजूड कवच घालणारं अंडं केवढं असेल, या विचारानं खणणारे गडी पटापट वर आले. रखमाजीनं तिथंच अंगात आणलं आणि हाड घरी नेलं.

तसं पाखरू गावाला नवं नव्हतं. तान्ह्या पोराची दुपटी, लंगोट दिवस मावळल्यावर दोरीवर ठेवायची नाहीत, हे त्या मुलखात पोरीला शेण थापायच्या आधी शिकवतात. ठेवली, तर रात्री पाखरू त्यांच्यावरून ओलांडतं. मग ते दुपटं ज्या लेकराला गुंडाळलं, ते लेकरू झिजत जातं. पाखरू कुणी पाहिलं नव्हतं. लेकरं झिजलेली मात्र प्रत्येक घरानं पाहिली होती.

फुलाबाईनं तर पोटची पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी, चिंगी. पावसाळ्याचे दिवस, भाताची लावणी. फुलाबाई चिखलातून थकून आली ती भिंतीला टेकून झोपली, आणि चिंगीचं दुपटं पडवीच्या दोरीवर तसंच राहिलं. सासू बाळाबाईनं ते पहाटे पाहिलं. पुढं काही दिवसांत चिंगीला जुलाब लागले आणि ती गेली. कुणी फुलाबाईला तोंडावर बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. तेव्हापासून दिवस कलला की तिच्या कानाशी पंख फडफडायचे. ती चुलीपुढनं उठून बाहेर जायची, रिकाम्या दोरीवरून हात फिरवायची आणि परत यायची. भाकरी करपायची. नवरा जगन एकदा म्हणाला, "आगं, काय न्हाई तितं." ती म्हणाली, "तवा बी मला असंच वाटलं व्हतं."

त्यातून जमिनीतून हाडच निघालं. आता नाही कशाला म्हणायचं?

रखमाजीनं हाडाचा एक कपचा काढून ठेवला होता, दाताएवढा. तो त्यानं बाजीच्या दुधानं ओल्या केलेल्या कपाळावर टेकवला आणि हात काढून घेतला. कपचा पडला नाही, चिकटून राहिला.

"धरलं! सोडाय तयार न्हाई!" रखमाजीनं मान हलवली. "लई जुनं येणं हाय ह्येचं तुज्या घरावर, फुले. पयली नेली, आता दुसरं मागतंय."

बाळाबाईनं तोंडावर पदर घेतला. फुलाबाई कपच्याकडं बघत राहिली. तिच्या छातीत दूध दाटून दुखत होतं.

"वैनी, पोराला पाजा आणि वेल्ह्याच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

आवाज अंगणातून आला. सखूबाई सुईणीचा आनंदराव होता तो. बौद्धवाडीतला. भोरला शिकला, पुढं पुण्याला गेला, आणि आता तिथल्या एका कॉलेजात प्राध्यापकांच्या हाताखाली जमिनीतून निघालेली जुनी हाडं ओळखायचं काम करत होता. गाव हसायचं, की एवढं शिकून पोरगा शेवटी हाडंच चिवडतोय. आईनं निरोप धाडला म्हणून तो आदल्या संध्याकाळी आला होता. सखूबाईही मागं उभी होती. फुलाबाईची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली होती.

आनंदराव पायरीपर्यंत आला तसा रखमाजी ताडकन उठला. "वर यायचं न्हाई! इटाळ हुईल पाखराला."

"रगत पितंय ते चालतंय, आन् माझा इटाळ हुतोय व्हय?" आनंदरावनं विचारलं. पण पाय मागं घेतला. भांडायला तो आला नव्हता. "बरं, न्हाई येत. हितनंच बोलतो. चिमाजीतात्या, तुमी जवळ बसलाय. हाडाच्या त्या शेंदराच्या टोकाला गाठी किती?"

चिमाजी म्हातारा मुंबईच्या गिरणीत जन्म घालवून गावी परतला होता. त्यानं पुढं वाकून पाहिलं. "दोन. चोची हैत न्हवं त्या."

"कोंबडीच्या पायाला म्होरं बोटं किती?"

"तीन की."

"तिची पायाची नळी सोलून बगा. जितकी म्होरली बोटं, खालच्या टोकाला तितक्या गाठी. गाठीवर बोट बसतं. ह्ये डोस्कं न्हाई, तात्या, पाऊल हाय. देवऋषीबाबांनी पाखराला उलटं टांगलंय आन् बोटांना डोळं लावल्यात."

मागं एक पोरगी फिस्सकन हसली आणि आईची चापट खाऊन गप्प झाली. रखमाजीचं तोंड लाल झालं. "चार बुकं वाचली म्हून देवाची खोड काडतो! मग दूध कोन पितंय? तुजा पुण्याचा मास्तर?"

पडवी पुन्हा ताठ झाली. खरंच, पाऊल असो की डोकं, दूध तर पितंय.

"वैनी," आनंदराव फुलाबाईकडं वळला, "मला शिवू द्यायचे न्हाईत. तुमीच बगा. पोराच्या कपाळावरचा तो तुकडा काढा आन् स्वतःच्या जिभेला लावा. आमी रानात पयली पारख तीच करतो."

"फुले, मरशील!" रखमाजी ओरडला. "शिवशील तर पोर हितंच जाईल!"

फुलाबाईनं बाजीकडं पाहिलं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि दुधाच्या वासानं ते हलत होते. सगळ्या पडवीदेखत त्याच्या तोंडाचं दूध एका हाडानं प्यालं होतं, आणि तो वास घेत होता. तिला एकदम असा राग आला, की भीतीला जागाच उरली नाही. तिनं कपचा काढला आणि जिभेवर ठेवला.

तो जिभेला घट्ट चिकटला.

बायकांनी किंकाळी फोडली. बाळाबाई "आगं माजे बाये" म्हणत उठली. फुलाबाई मात्र डोळे मिटून तशीच बसली होती. ही चव तिच्या ओळखीची होती. बाजीच्या वेळी तिला मातीचे डोहाळे लागले होते, आणि सासूच्या चोरून ती फुटक्या मडक्याची खापरं चघळायची. कोरडं खापर जिभेला असंच धरायचं. शेवटी थुंकी लावून सोडवावं लागायचं.

तिनं कपचा ओढून काढला. "खापरावानी लागतंय," ती म्हणाली.

मग कुणी काही म्हणायच्या आत तिनं उताऱ्यासाठी आणून ठेवलेलं कोरं बोळकं पायरीवर आपटलं, एक तुकडा उचलला आणि वाटीतलं राहिलेलं दूध त्यावर सोडलं. थेंब चकाकला आणि गडप झाला. दुसराही झाला. डाग नाही, ओघळ नाही. नवा माठ आठ पहर भिजवल्याशिवाय वापरायचा नाही, तो पाणी पितो, हे तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. पण माठ पितो ते पाणी आणि हाड पितं ते दूध, यांची गाठ कुणी घालून पाहिली नव्हती. देवाची गोष्ट निघाली की घरातलं शहाणपण आपण घरीच ठेवून येतो, तसंच झालं.

"जुनं हाड मातीत पडून पडून असंच पोकळ हुतं, बारीक छिद्रांचं," आनंदराव म्हणाला. "म्हून तर रातभर चुलीवर ठेवत्यात. ओलं हाड पीत न्हाई. आता मला सांगा, कुणाचं दूध पाखरू प्यालं न्हाई?"

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. पासलीची सगुणाबाई हळूच बोलली, "माजं. गेल्या सोमवारी. समदं वघळून खाली आलं. देवऋषीबाबा बोललं, तुजं प्वार सुटलं."

"किती वाजता आलता?"

"यष्टी चुकली माजी. येस्तवर दुपार झाली." बोलता बोलताच ती थांबली.

"माजं बी उशिरालाच व्हतं," मागून दुसरी म्हणाली. "आन् माजं बी," तिसरी म्हणाली.

जी आधी आली, तिचं दूध कोरडं हाड प्यायचं, म्हणजे तिच्या पोराला पाखरू लागलेलं. जी उशिरा आली, तोवर हाड भिजून गच्च झालेलं, म्हणजे तिचं पोर सुटलेलं. सगळा निवाडा रांगेवर. आणि सगळ्यांत जास्त भ्यालेली आई सगळ्यांच्या आधी येणार, हे रखमाजीला चांगलं ठाऊक होतं. फुलाबाई दर सोमवारी अंधारात उठून पळत येत होती, ते स्वतःच्या हातानं पहिला नंबर लावायला.

रखमाजी काहीतरी मंत्र पुटपुटत हाड फडक्यात गुंडाळू लागला, पण चिमाजीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. म्हातारा असला तरी गिरणीतला हात होता.

फुलाबाईला मात्र अजून एकच विचारायचं होतं. दूध, रांग, गाठी, सगळं तिला कळलं होतं. पण तिचं दुपटं दोरीवर राहिलं होतं, ते खरंच होतं.

"आनंदभाऊ," ती म्हणाली, "ते उडत व्हतं का? तेवडं सांग."

हाड आनंदरावला हातात मिळालं नव्हतं आणि उगाच ठोकून द्यायची त्याला सवय नव्हती.

"कुठल्या जातीचं, ते पुण्याला दुसऱ्या हाडांशी ताडून बगावं लागंल. कवच बी भिंगाखाली बगावं लागंल. पण एवढी जाड पायाची नळी आन् खाली दोनच बोटं, असं पाखरू एकाच कुळातलं. शहामृगाच्या. हजारो वर्सांमागं हितं फिरत असंल, आता आपल्याकडं शिल्लक न्हाई. ते माणसापरीस उंच हुतं आन् घोड्यावानी पळतं, पण उडाय जमत न्हाई त्येला. पंख आसत्यात, पन अंग उचलत न्हाईत. वैनी, त्ये जलमात कुणाच्या दोरीवरनं गेलं न्हाई."

"शाम्रुग?" चिमाजी एकदम म्हणाला. "ते म्या राणीच्या बागेत बगितलंय की! लांब मानेचं. जाळीत ठेवल्यालं..." तो थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "पोपटाच्या पिंजऱ्याला वरनं बी जाळी व्हती. शाम्रुगाच्या वरनं समदं उगडं व्हतं."

फुलाबाईनं पदर सरकवला आणि देवऋषीच्या पाटासमोर, चांदीच्या डोळ्यांदेखत, बाजीला छातीशी लावलं. त्याला पहिल्यांदा तोंडही धरता येईना. दूध गालावरून ओघळलं. मग त्यानं जीभ लावली, आणि मग ओढलं. कुठं काही फडफडलं नाही.

दहाच्या यष्टीनं ती, बाळाबाई, जगन आणि आनंदराव वेल्ह्याला गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बाजीला पाहिलं आणि आधी शिव्या दिल्या, मग सुईसाठी शीर शोधली. सलाईन लागलं. संध्याकाळी बाजीनं लघवी केली तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसला. "जगेल," तो म्हणाला. "नदीचं पाणी उकळून द्या. आणि दूध बंद करायला सांगितलं कोणी? जुलाबात पोराचं पाणी जातं, ते भरायचं की तोडायचं?"

डॉक्टर गेला. जगन चहा आणायला उठला. बाकावर तिघं राहिली. फुलाबाई बराच वेळ सलाईनच्या बाटलीतले थेंब बघत होती. आज दिवसभर थेंबच बघत होती ती.

"आनंदभाऊ, मग माजी चिंगी कशानं ग्येली?"

"मी डाक्टर न्हाई, वैनी."

"पाखरानं न्हेली न्हाई म्हन्तोस. मग कशानं?"

आनंदरावनं मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं. चिंगीलाही जुलाबच होते. तिचंही दूध रखमाजीनंच तोडलं होतं, पाच दिवस. पोर टाहो फोडत होती, आणि छातीला दुधानं गाठी आल्या होत्या, आणि फुलाबाई दात-ओठ आवळून भिंतीकडं तोंड करून बसली होती. लेकीच्या भल्यासाठी.

"म्याच तोडाय लावलं," बाळाबाई म्हणाली. आवाज कुठून तरी खोलातून आला. "माजी बी दोन अशीच ग्येली. माज्या सासूनं तोडाय लावलं व्हतं. तिला बी वाटलं आसंल..." फुलाबाईनं सासूचा हात धरला. धरावा असं तिला वाटत नव्हतं, तरी धरला.

पाखरू होतं तोवर सोपं होतं. दोष आभाळातून यायचा आणि आभाळात जायचा. आता पंखांची फडफड थांबली, आणि तिच्या जागी एका लेकराचं रडणं ऐकू येऊ लागलं. ते कुठल्याही मंत्रानं थांबणारं नव्हतं.

ते हाड पुढं पुण्याला गेलं. पेटीत बसलं, ताडून झालं, आणि शहामृगाच्याच कुळात लागलं. रखमाजीला गावानं हाकललं वगैरे नाही. गावं अशी कुणाला हाकलत नाहीत. त्यानं कौल लावायला हाडाऐवजी लिंबू धरलं, आणि लिंबू तर दूधही पीत नाही. पण सोमवारची पडवी पुन्हा भरली नाही, आणि तांबडवाडीत जुलाबाच्या पोराचं दूध पुन्हा कुणी तोडलं नाही.

तुम्ही शहाणे आहात, असल्या बायकांना हसाल. हसू नका. भ्यालेली आई काहीही करते, आणि ती भीती ओळखून जो दुकान मांडतो, जाब त्याला विचारा. फार शिकावं लागत नाही त्यासाठी. कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणावं: हेच दुसऱ्या वस्तूवर करून दाखव, हेच ओलं करून दाखव, हेच रांग उलटी लावून दाखव. देव असेल तर त्याला त्याचा राग येणार नाही. आणि लेकरू आजारी असताना विचारायला लाजू नये, कारण न विचारलेल्या प्रश्नाची किंमत ते लेकरू देतं.

बाजी घरी आला त्या दिवशी फुलाबाईनं त्याची दुपटी धुऊन पडवीच्या दोरीवर टाकली. दिवस मावळला. तोरण्यामागचा उजेड गेला. नदीकडून टिटवी ओरडली, तशी बाळाबाई सवयीनं उठून बाहेर आली आणि तिनं दोरीकडं हात नेला. दारात फुलाबाई उभी होती. म्हातारीचा हात दुपट्यावर आला, जरा वेळ तिथंच राहिला. मग तिनं तो मागं घेतला आणि ती आत गेली.

सकाळी दुपटं होतं तिथंच होतं. खडखडीत वाळलेलं. फुलाबाईनं ते काढलं, बाजीला गुंडाळलं, आणि मग चिंगीसाठी, दोन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडली.